सोबत्याचं तिकीट

अमळनेरच्या बसस्थानकाबाहेर चहा पिता पिता मी माझ्या एका शाळासोबत्याला प्रश्न टाकला. तो एसटीत कंडक्टर आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. म्हटलं, "समज, एक आंधळा माणूस तुझ्या गाडीत चढतोय. सोबत बायको नाही, पोरगा नाही, कुत्रा आहे. शिकवलेला, अंगात पट्टा घातलेला, त्याला रस्ता दाखवणारा. काय करशील?"

त्याने कप खाली ठेवला, खांद्यावरचं तिकिटाचं मशीन सरळ केलं आणि मलाच विचारलं, "तिकीट कोनतं काढू? माणूसनं का सामाननं?"

तो हसला, मीही हसलो. पण वकिली करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून असला प्रश्न लवकर जात नाही. त्याने थट्टेत जे विचारलं त्याचं सरळ उत्तर आपल्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात नाही. ते असायला हवं, आणि कुत्रा बसच्या दारात येऊन उभा राहण्याआधी असायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

एसटीच्या सवलतींचे नियम पाहा. दिव्यांग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत आहे. अपंगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर त्याच्या सोबत्यालाही अर्ध्या तिकिटात जाता येतं. रेल्वे याहून मोकळ्या हाताची: पूर्ण अंध प्रवाशाला स्लीपरमध्ये 75 टक्के सवलत आणि त्याच्याबरोबरच्या एका माणसालाही तेवढीच. सरकारी नियमांना नावं ठेवण्यात आमचा धंदा चालतो, पण या नियमांपुढे मी मान तुकवतो. कुठल्यातरी कार्यालयात कुणीतरी एकदा हे मान्य केलं, की हा प्रवासी एकटा येणार नाही, आणि त्याच्यासोबत येणारा काही मौज म्हणून येत नाही. तत्त्व मान्य झालेलं आहे. आता प्रश्न एवढाच, की तो सोबती दोन पायांचाच असला पाहिजे, हे कुणी ठरवलं?

आमचे नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पारोळा तालुक्यातलं आमचं गाव. पन्नाशीच्या आतच नानांची नजर गेली, काचबिंदूने. गावात सगळे मोतीबिंदूच समजले. "पिकला का काढू" म्हणत दोन वर्षं गेली, आणि काचबिंदूत गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही, हे धुळ्याच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तेव्हा तिसरीत. घरात ठरलं की नानांना मी न्यायचं. त्यांच्या उजव्या हातात काठी, डावा हात माझ्या खांद्यावर. आठवडे बाजार, रेशनचं दुकान, तलाठी, कुणाकडे मयत झाली की दारावर जाणं, सगळीकडे आम्ही जोडीने. शाळा बुडायची. मास्तर हजेरीत खाडा मांडायचे आणि बोलायचे काही नाहीत, कारण नानांना सगळे मानत.

शाळा बुडाल्याचं मला काही वाटत नाही, उलट तेव्हा आनंदच होता. आज आठवून जिवाला लागतं ते वेगळंच. दोन बैलजोड्या बाळगलेला माणूस, ज्याच्या शब्दावर भावबंदकीची भांडणं मिटायची, तो मला विचारायचा, "तुला येळ शे का रे?" मी गोट्या खेळत असलो तर डोक्यावर टोपी घालून, धोतर सारखं करून ओट्यावर बसून राहायचा. हाक मारायचा नाही. पुढे मी शिकायला जळगावला गेलो आणि नानांनी बाहेर पडणं सोडलं. घरातले म्हणायचे, नाना आता थकले. नाना थकले नव्हते.

हे जुन्या काळचं झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या तालुका न्यायालयाच्या आवारात एखादा कामाचा दिवस काढावा. आंधळ्या पक्षकाराचा हात धरून शाळेच्या वेळेत आलेलं पोर अजूनही दिसतं. त्या पोराच्या खांद्याची किंमत कुठल्याच खर्चाच्या यादीत येत नाही, म्हणून ती सगळ्यांना फुकट वाटते.

गाईड डॉगला मी वाटाड्या कुत्रा म्हणतो, पण त्या शब्दाने एक गैरसमज होतो. वाटाड्या म्हटलं की आपल्याला वाटतं, माणसाने "चल, स्टेट बँकेत" म्हणायचं आणि कुत्र्याने रिक्षासारखं नेऊन सोडायचं. तसं नाही. वाट माणसाच्या डोक्यात असते. डावीकडे कुठे वळायचं, किती चौक ओलांडायचे, हे माणूस ठरवतो आणि हुकूम देतो. कुत्र्याचं काम मधल्या वाटेतलं: पायरी आली की थांबणं, खड्डा आला की वळसा घेणं, माणसाच्या रुंदीची आणि उंचीची जागा मोकळी आहे का ते पाहणं. ही उंचीची गोष्ट फार मोलाची. पांढरी काठी जमिनीवरचं सांगते; कमरेच्या वरचं तिला कळत नाही. आता जळगावच्या कुठल्याही बाजाररस्त्यावर कमरेच्या वर काय काय असतं ते आठवा: अर्धवट ओढलेलं शटर, रसवंतीच्या छत्रीची काडी, गणपतीच्या मांडवाचा आडवा बांबू, उभ्या ट्रकचं उघडं फाळकं. काठी यांच्या खालून बिनबोभाट पुढे जाते आणि कपाळ मागून येतं.

या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा हुकूम मोडायचा. मालक "पुढे" म्हणाला, पण समोरून गाडी येत असेल तर कुत्र्याने हलायचं नाही. आज्ञा पाळणारा प्राणी तयार करणं सोपं, योग्य वेळी न पाळणारा तयार करायला महिनोन्‌महिने जातात. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे 1916 साली अशी पहिली शाळा निघाली; अमेरिकेत 1929 साली. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड या जाती बहुधा वापरतात. पिल्लू आधी वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढतं, मग शाळेत शिकतं, मग एका माणसाशी त्याची जोडी जमवतात आणि दोघांना एकत्र शिकवतात. अंगात पट्टा आणि पाठीवर कडक मूठ असली म्हणजे कुत्रा कामावर आहे. तेव्हा त्याला गोंजारायचं नाही, बिस्कीट टाकायचं नाही. आपल्याकडे लोक दोन्ही करतील, याची मला खात्री आहे.

भारतात अशी जोडी फार क्वचित दिसते. खान्देशात मी एकही पाहिलेली नाही.

मग हा लेख कशाला, असं कुणी विचारेल. मला तर वाटतं, नेमका त्यासाठीच. कुत्रा शिकवायला दीड-दोन वर्षं आणि बराच पैसा लागतो. बसमध्ये घेतील का, हॉटेलात बसू देतील का, घरमालक भाड्याने खोली देईल का, यातलं काहीच नक्की नसताना कुणी तो खर्च का करावा? कुत्रे नाहीत म्हणून नियम नाही, आणि नियम नाही म्हणून कुत्रे नाहीत. यातली पहिली गाठ सोडवायला पैसा लागतो. दुसरी सोडवायला एक कागद पुरतो.

आता त्या कायद्याकडे येतो. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. कायदा चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. त्याने 'अडथळा' या शब्दाची व्याख्या जिना आणि उंबरठ्यापुरती ठेवली नाही; समाजाची वृत्ती हाही त्यात अडथळाच आहे. एखाद्याला 'वाजवी सोय', म्हणजे त्याच्या गरजेप्रमाणे करून दिलेला रास्त बदल, नाकारणं म्हणजे भेदभाव, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. पण सगळा कायदा चाळा, त्यात वाटाड्या कुत्रा कुठेच भेटत नाही.

चांगला वकील 'वाजवी सोय' या दोन शब्दांत कुत्रा बसवू शकेल. मलाही जमेल असं वाटतं. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही, असं सांगितलं. लेखनिक म्हणजे तरी काय, उसना हात. मग उसने डोळे का नकोत? युक्तिवाद उभा राहतो. शिवाय 2007 साली भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात 'जिवंत साहाय्य' असे शब्द आहेत, तेही मदतीला येतील.

पण युक्तिवाद उभा राहायला न्यायालय लागतं, आणि बसच्या दारात उभ्या माणसाजवळ दोन मिनिटं असतात. मागे रांग असते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. जीजा घोष यांना 2012 साली एका विमानातून उतरवलं होतं, सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली 10 लाखांची भरपाई द्यायला लावली. निकाल उत्तम. पण मधली चार वर्षं आणि दिल्लीची वाट कुणाला परवडते? आपल्या राज्याचं दिव्यांग आयुक्तालय पुण्यात आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या माणसाला तिथे तक्रार घेऊन जायचं तर पुन्हा बसच लागते, आणि भांडण बसच्या दारातच झालेलं असतं.

याच कायद्याचं 92 वं कलम मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. दिव्यांग माणसाच्या आधाराच्या साधनाची कुणी मुद्दाम मोडतोड केली किंवा ते वापरण्यात आडकाठी आणली, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कुणी आंधळ्याची काठी हिसकावून मोडली तर तो त्या माणसावरचा अत्याचार ठरतो, आणि ठरायलाच हवा. आता काठीच्या जागी कुत्रा ठेवा. कुणी त्याच्या कमरेत लाथ घातली आणि तो कामातून गेला, तर? कुत्रा हे 'साधन' आहे का, यावर आधी वाद. नसेल, तर भारतीय न्याय संहितेचं 325 वं कलम आहे, प्राण्याला मारून किंवा जायबंदी करून केलेल्या नुकसानीचं. तिथे कुत्रा ही मालकाची मालमत्ता, जशी शेळी. किंवा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, ज्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. जळगावात 50 रुपयांत केळीचे वेफर्सही धड येत नाहीत. इजा झाली ती कुत्र्याला आणि डोळे गेले ते माणसाचे, दुसऱ्यांदा. कायद्याला त्यातली पहिलीच इजा दिसते.

बाहेरच्या देशांनी हे वेगवेगळ्या वाटांनी सोडवलं. ब्रिटनमध्ये 2010 च्या समता कायद्याप्रमाणे टॅक्सीवाल्याला असा कुत्रा नाकारता येत नाही, त्याचे जादा पैसे घेता येत नाहीत. ड्रायव्हरलाच वैद्यकीय अडचण असेल तर त्याने आधी सूट मंजूर करून घ्यायची. अमेरिकेत 1990 च्या कायद्याखाली दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? प्रमाणपत्र मागायचं नाही. जपानने 2002 साली साहाय्यक कुत्र्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला: कुत्र्याची परीक्षा, त्याच्या अंगावर ओळखपट्टी, आणि मग वाहनं, कचेऱ्या, दुकानं, हॉटेलं यांची दारं उघडी.

मला मनापासून अमेरिकेची रीत आवडते, कारण ती माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवते. तरी आपल्याकडे जपानची चालेल, असं मी म्हणेन, थोडं नाइलाजाने. प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या वाऱ्या करणारे लोक मी रोज पाहतो, त्यामुळे आणखी एका कागदाची शिफारस करताना हात अडखळतो. पण विश्वासावर चाललेल्या व्यवस्थेचा फायदा कसा घेतला जातो, हेही अमेरिकेतच दिसलं. मनाला आधार वाटतो म्हणून कुणीही कुठलाही प्राणी विमानात आणायला लागलं, आणि शेवटी डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून असे प्राणी घेण्याची विमान कंपन्यांवरची सक्ती काढली. आपल्याकडे तर टोल चुकवायला गाडीवर 'प्रेस' लिहिणारे लोक आहेत.

आता लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण चहाच्या टपरीवर ते सगळं बोलून झालंय. पहिलं, भीती. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आपल्याकडे खऱ्या आहेत, चावे खरे आहेत, आणि ज्याचं पोर चावलं गेलंय त्याला प्राणिप्रेमाचं व्याख्यान द्यायला मी जाणार नाही. 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून मोकाट कुत्री हटवायला सांगितलं. आदेश मोकाट कुत्र्यांचा आहे. पण दिल्लीहून निघालेला आदेश डेपोपर्यंत येता येता त्याचे विशेषण गळून पडतं, हा आमचा नेहमीचा अनुभव, आणि शेवटी भिंतीवर पाटी लागते: 'कुत्र्यांना सक्त मनाई'. पाटी वाचणारा रखवालदार मोकाट आणि शिकवलेला यात फरक करणार नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही. गंमत अशी, की त्या आदेशाची सगळ्यात जास्त गरज वाटाड्या कुत्र्यालाच आहे. अंगावर चार मोकाट कुत्री धावून येत असतील तर कुठलाही शिकवलेला लॅब्रेडॉर काम करू शकत नाही.

दुसरं, ऊन. हा आक्षेप मला मान्य आहे. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, डांबर तव्यासारखं तापतं, आणि कुत्रा अनवाणी असतो. थंड मुलखातली ती जाड केसांची जात इथे दुपारी बाहेर काढणं क्रूरपणा होईल. पण मे महिन्याच्या दुपारी इथे डोळस माणूस तरी कुठे बाहेर पडतो? सकाळ-संध्याकाळ काम, पंजांना बूट, उरलेले आठ-नऊ महिने बिनधोक. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्यांमागे कुत्रे घेऊन मैलोन्‌मैल जातात, हायवे ओलांडतात. कुत्र्याला माणसाबरोबर काम करताना आपण नव्याने पाहणार आहोत, असं काही नाही.

तिसरं, सोवळं. इथे मी भांडत नाही. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत दुकानादुकानांत लटकणाऱ्या तसबिरींतून दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसलेले असतात, एवढंच नोंदवतो. गाभाऱ्याचं देवस्थानाने पाहावं. शेवभाजीच्या हॉटेलाचं मात्र तसं नाही. तिथे टेबलाखाली मांजर फिरत असतं आणि मालकाला त्याचं काही वाटत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि तो माझ्याच एका अंध पक्षकाराचा. तो म्हणाला, "वकीलसाहेब, आधी फूटपाथ द्या. कुत्रा चालणार कुठून?" त्याचं म्हणणं खरं आहे. बहुसंख्य अंधांना पांढरी काठी, सरळ फूटपाथ, बसमधली बोलणारी घोषणा, एवढं मिळालं तरी आयुष्य बदलेल. आयआयटी दिल्लीने काढलेली स्मार्टकेन गुडघ्याच्या वरचे अडथळेही थरथरून सांगते. ती जास्त लोकांपर्यंत पोचावी. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्या पैशांतून कुत्रे घ्या, असं मी चुकूनही म्हणणार नाही. सरकारने कुत्रा द्यावा, ही मागणीच नाही. कुणी आणला तर दार लावू नये, एवढंच मागतोय, आणि दार उघडं ठेवायला पैसे पडत नाहीत.

वेळही बरी आहे. राजीव रातुरी या दृष्टिहीन नागरिकाच्या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा, म्हणजे इमारती-वाहनं दिव्यांगांना वापरता येण्याबाबतचा, जुना नियम रद्द ठरवला. त्यातली मानकं बंधनकारक नव्हती, नुसती मार्गदर्शक होती, म्हणून. सक्तीचे नियम करा, असं केंद्राला सांगितलं. आपल्या राज्याने तर 2022 साली दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला. त्या विभागाला आणि एसटी महामंडळाला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. एक परिपत्रक पुरे. मी त्याचा मसुदाही करून ठेवलाय:

'दृष्टिहीन प्रवाशासोबत कामाच्या पट्ट्यातील प्रशिक्षित कुत्रा असल्यास त्यास प्रवाशाचा सोबती समजावे. त्याचे भाडे आकारू नये. त्यास प्रवाशाच्या पायाशी बसू द्यावे. तो चावरा किंवा मोकाट वागल्यासच उतरवावे, व कारण लेखी द्यावे.'

चार वाक्यं आहेत. 'सोबती' हा शब्द मी मुद्दाम घातला, कारण तो एसटीच्या कागदात आधीपासून आहे. नवा शब्द आला की फाईल सल्ल्यासाठी मंत्रालयात जाते.

परवा हा मसुदा त्या कंडक्टर मित्राला वाचून दाखवला. त्याने चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला. 'भाडे आकारू नये' या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हे बरं केलंस, मशीनमध्ये तसं बटणच नाही. मग कागदाची घडी करून माझ्या खिशात कोंबली.

"हाऊ कागद डेपोमा लाव, भो," तो म्हणाला. "मंग कोन काय बोलस ते पाहू."